फेब्रुवारीत १३ किलो, ऑक्टोबरात ११ : पाइकचं वजन महिन्याचं की पाण्याचं?

गळकरी_ब्रिस्टल | ११ जानेवारी

राम राम मंडळी. मी मूळचा चिपळूणचा, वाशिष्ठीत गरी टाकत वाढलो. गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ राहतो आणि थंडीत पाइक गरवतो. ज्यांनी पाइक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपला मरळ जसा पाणगवतात दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालतो, तसाच हा गोड्या पाण्यातला शिकारी. लांबट अंग, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड, आत शेकडो दात, हिरव्या अंगावर फिकट पिवळे ठिपके. इथे वीस पौंडांचा, म्हणजे नऊ किलोंचा पाइक लागला की माणूस वर्षभर सांगत राहतो. तीस पौंडी तर कित्येकांना जन्मभरात मिळत नाही.

मी जातो ते तळं म्हणजे पाण्याने भरलेली जुनी खडीची खाण. गेल्या वर्षी १७ फेब्रुवारीला तिथे एक मादी लागली. लांबी १११ सेंटीमीटर, पोटाचा घेर ५८, वजन १३.१ किलो. दोन फोटो काढले, सोडून दिली. २६ ऑक्टोबरला तीच पुन्हा लागली. तीच असं ठामपणे म्हणतो, कारण प्रत्येक पाइकच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. हिच्या डाव्या कुशीवर कल्ल्यामागे तीन ठिपके जुळून एक आडवी रेघ झाली आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की शंका उरत नाही.

ऑक्टोबरात लांबी ११२, घेर ५४, वजन ११.२.

आठ महिन्यांत मासा एक सेंटीमीटर वाढला आणि जवळजवळ दोन किलोंनी उतरला! माझ्या हातून फेब्रुवारीत तिला काही इजा झाली का, या विचाराने मला चार रात्री नीट झोप लागली नाही. शेवटी तळ्यावर नेहमी भेटणाऱ्या एका म्हाताऱ्या गळकऱ्याला विचारलं. त्याने उलट एकच प्रश्न केला : फेब्रुवारीत पोट हाताला कसं लागलं? तेव्हा आठवलं. मऊ, जड, खाली ओघळलेलं. गाबोळी!

गाबोळीने भरलेला मासा मी लहानपणापासून आईच्या विळीवर पाहिलाय. पण काट्यावरचा आकडा वाचताना ती मनात आली नाही. म्हणून हा धागा. यातलं गाबोळीचं किती, आणि पाण्याचं, जागेचं, खाण्याचं किती? जे वेगवेगळ्या देशांत पाइक गरवतात त्यांनी आपापल्या पाण्याबद्दल लिहावं. महिना सांगायला विसरू नका.


डॉ_शेवाळ | ११ जानेवारी

छान नोंदी ठेवल्यात. एकाच माशाची लांबी, घेर, वजन आणि तारीख दोनदा मिळणं ही सोपी गोष्ट नाही. माझा अभ्यास गोड्या पाण्यातल्या माशांचा आहे, सध्या नेदरलँड्समध्ये आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, मोठा पाइक म्हणजे मादीच. नर चार-पाच किलोंच्या पुढे क्वचितच जातो. त्यामुळे विक्रमी वजनांची सगळी चर्चा ही माद्यांची चर्चा असते, आणि मादीचं वजन वर्षभर एका जागी थांबत नाही.

इंग्लंडच्या हवेत पाइक मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालतो. नंतर मादी रिकामी आणि थकलेली असते. मे-जूनमध्ये ती सपाटून खाते आणि उन्हाळ्यात लांबीने वाढते. ऑगस्ट-सप्टेंबरपासून खाण्यातली शक्ती हळूहळू अंडाशयाकडे वळू लागते. अंग फारसं वाढत नाही, गाबोळी वाढते. थंडीत पाणी चार-पाच अंशांवर आलं तरी पाइक खाणं सोडत नाही, कमी करतो एवढंच. अंडी घालण्याच्या तोंडावर मादीच्या एकूण वजनापैकी पंधरा टक्के, कधी त्याहूनही जास्त, नुसती गाबोळी असू शकते. अंड्यांची संख्या दर किलोमागे ढोबळमानाने वीस-तीस हजार. तुमच्या मादीच्या पोटात अडीच ते चार लाख अंडी असणार.

आता तुमचा हिशोब. १३.१ मधून १.९ गेले, म्हणजे साडेचौदा टक्के. सगळं गाबोळीवर ढकलायचा मोह होतो, पण जरा थांबा. फेब्रुवारीच्या मध्यावर गाबोळी पूर्ण भरलेली नसते आणि ऑक्टोबरच्या शेवटी ती अगदीच नसते असंही नाही. तेव्हा फरकाचा मोठा भाग गाबोळीचा, उरलेला दुसऱ्या कशाचा तरी. कदाचित फेब्रुवारीत पोटात नुकताच गिळलेला मासा असेल. एवढी मादी किलोभराचा मासा सहज गिळते आणि थंड पाण्यात तो पचायला कित्येक दिवस लागतात. किंवा उन्हाळा वाईट गेला असेल. तळं किती खोल आहे?


राजापूरची_माई | १२ जानेवारी

मला पाइक माहीत नाही, पण गाबोळी वाचली आणि राहवलं नाही.

आमच्याकडे मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की नदीतले मासे उलटे वर चढतात. ओढ्यात, वहाळात, थेट भातखाचरांत. चढणीचे मासे. सगळे गाबोळीने टच्च भरलेले. माझे वडील दोन-चार मासे घेत आणि बाकीचे हाताने ढकलून वर खाचरात सोडत. म्हणत, यांच्या पोटात पुढच्या वर्षीची नदी आहे. आता रात्री बत्त्या घेऊन लोक येतात, पोत्यांनी भरून नेतात, आणि मग ऑक्टोबरात नदीला मासा नाही म्हणून हळहळतात.

तुमचा पाइकही अंडी घालायला असाच वर चढतो का हो?


डॉ_शेवाळ | १२ जानेवारी

माई, अगदी तसाच! फक्त पाऊस बर्फ वितळण्याचा. वसंतात नद्या फुगतात, काठची कुरणं पाण्याखाली जातात आणि पाइक गुडघाभर पाण्यात येऊन बुडालेल्या गवतावर अंडी चिकटवतो. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लंही पहिले काही दिवस गवताच्या काडीला चिकटून असतात. कुरण फार लवकर कोरडं पडलं तर ते वर्ष वाया जातं. युरोपात नद्यांना बांध घालून आणि कुरणांचे चर खणून पाणी पळवल्यामुळे पाइकच्या या जागा फार कमी झाल्या आहेत.


उप्सालाकर | १३ जानेवारी

स्वीडनहून लिहितोय. इथे पाइकला येद्दा म्हणतात. आमच्याकडची खरी गंमत समुद्रात आहे. बाल्टिक समुद्राचं पाणी इतकं कमी खारं आहे की गोड्या पाण्यातला पाइक त्यात आरामात राहतो. स्टॉकहोमसमोरच्या हजारो बेटांमधल्या उथळ खाड्यांत, लव्हाळ्यांच्या कडेने आम्ही त्याला गरवतो.

इथल्या माशाची अंगकाठीच वेगळी. त्याचं कारण स्ट्रॉमिंग, म्हणजे बाल्टिकमधली छोटी हेरिंग. चरबीदार मासा, आपल्या तारलीच्या जवळचा. वसंतात तिचे थवे अंडी घालायला काठाकडे येतात आणि नुकत्याच रिकाम्या झालेल्या पाइकच्या माद्यांना आयतं ताट मिळतं. उन्हाळ्यात मोठ्या माद्या खाडी सोडून बाहेर खोल, गार पाण्यात हेरिंगच्या मागे जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत येतात तेव्हा पाठ रुंद, मान जाड. त्या वेळचं वजन हे मांसाचं आणि चरबीचं वजन असतं. म्हणून गळकरी यांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : एप्रिलचा बारा किलो आणि नोव्हेंबरचा बारा किलो हे दोन वेगळे मासे समजा. मला नोव्हेंबरचा मोठा वाटतो.

दुःखाची गोष्टही सांगतो. बाल्टिकच्या बऱ्याच किनाऱ्यांवर पाइक झपाट्याने कमी झालाय. पाणथळ जागा गेल्या हे एक कारण. शिवाय स्टिकलबॅक नावाचा बोटाएवढा काटेरी मासा अतोनात वाढला, तो पाइकची अंडी आणि पिल्लं खातो. ज्याला पाइकने खायचं, तोच पाइकला पाळण्यात खातोय. सील आणि पाणकावळे आहेतच. पण काल्मारच्या बाजूला लोकांनी किनाऱ्यालगतची जुनी कुरणं पुन्हा पाण्याखाली आणली आहेत. वसंतात पाइक ओढ्यातून तिथे चढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बोटभर पिल्लं हजारोंनी समुद्रात उतरतात. स्वीडिश लोक त्या जागांना पाइकचे कारखाने म्हणतात. राजापूरच्या माईंच्या वडिलांनी खाचरात जे केलं तेच हे.

किनाऱ्यावर बरीच वर्षं नियम आहे : दिवसाला मोजकेच पाइक, तेही मधल्या मापाचे. मोठी मादी घरी न्यायची नाही.


पानशेतचा_पाहुणा | १३ जानेवारी

उत्तम धागा. एक साधी शंका. मोठं तळं म्हणजे मोठा मासा, इतकं सरळ आहे का? आमच्याकडे धरणातला कटला तळ्यातल्यापेक्षा मोठा होतो, म्हणून विचारलं.


गळकरी_ब्रिस्टल | १४ जानेवारी

पाहुणे, मोठं पाणी हवं हे खरं, पण त्यात काय पोहतंय ते जास्त महत्त्वाचं. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर च्यू व्हॅली नावाचं धरण आहे. १९५६ मध्ये राणीच्या हस्ते उद्घाटन झालं. त्यात गळवाल्यांसाठी दरवर्षी ट्राउट सोडतात. ट्राउट म्हणजे मऊ, चरबीदार, बिनकाट्याच्या पाठीचा मासा. पाइकला एवढं चांगलं खाणं नैसर्गिक तळ्यात सहसा मिळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच च्यूमध्ये ४७ पौंड ५ औंसांचा, म्हणजे जवळजवळ साडेएकवीस किलोंचा पाइक मिळाला. ब्रिटनचा विक्रम.

त्याआधीचा विक्रमही ट्राउटच्याच पाण्यातला. वेल्समधलं लँडेगफेड धरण, ऑक्टोबर १९९२, ४६ पौंड १३ औंस. आणि त्याच्याही आधी त्याच धरणात १९९० च्या ऑक्टोबरात ४५ पौंड ६ औंसांचा पाइक धरणारा माणूस कोण? वेल्सचा महान रग्बीपटू गॅरेथ एडवर्ड्स! इथल्या लोकांना त्याचं अजून कौतुक आहे.

लँडेगफेड पाइकच्या गळांसाठी १९८८ मध्ये खुलं झालं. आधीची कित्येक वर्षं मासा कोणी त्रास न देता ट्राउट खाऊन वाढला होता. पहिल्या काही वर्षांत महाकाय माशांची रांग लागली आणि मग ओहोटी. असं अनेक ट्राउटच्या धरणांत झालंय. म्हणजे ऋतू आणि जागा यांच्या जोडीला तिसरी गोष्ट धरायला हवी : माशाला किती वर्षं शांतता मिळाली.

डॉक्टर, माझं तळं जास्तीत जास्त सहा मीटर. ट्राउट नाही. रोच आणि ब्रीम हे इथले साधे मासे आहेत. गेल्या जुलैत पाणी खूप तापलं होतं आणि वरचा थर शेवाळाने हिरवा झाला होता.


डॉ_शेवाळ | १४ जानेवारी

मग तुमच्या दोन किलोंचा उरलेला हिशोब बहुतेक त्या जुलैत आहे.

पाइकची वाढ साधारण वीस अंशांच्या आसपास चांगली होते, पण ते लहान-मध्यम माशांचं. मोठ्या मादीला त्याहून गार पाणी लागतं. खोल तळ्यात उन्हाळ्यात वर गरम, खाली गार असे थर पडतात. खालच्या थरात प्राणवायू टिकून असेल तर मोठी मादी तिथे जाते, तिथल्या गार पाण्यातले चरबीदार मासे खाते आणि उन्हाळाभर वाढत राहते. सहा मीटरच्या खडीच्या खाणीत अशी सोय नाही. वर गरम, खाली प्राणवायू कमी. ती जुलै-ऑगस्ट कशीबशी काढते. भूक नाही, पण गरम पाण्यात शरीराचा खर्च मात्र जास्त. अशा उन्हाळ्यानंतर ऑक्टोबरात मासा डोक्याने मोठा आणि पोटाने सपाट दिसतो. तुमचा ५४ चा घेर तेच सांगतोय.

खाणं ऋतूप्रमाणे कसं बदलतं याचं सुंदर उदाहरण इंग्लंडमध्येच आहे, विंडरमिअर सरोवर. तिथल्या पाइकचा अभ्यास १९४० च्या दशकापासून सलग चालू आहे. उन्हाळ्यात तिथला पाइक मुख्यतः पर्च नावाचा मासा खातो. थंडीच्या सुरुवातीला खोल पाण्यातला ‘चार’ (char) नावाचा, ट्राउटच्या कुळातला मासा अंडी घालायला काठाकडे येतो, तेव्हा पाइक त्याच्यावर तुटून पडतो. म्हणजे ज्या काळात मादीला गाबोळी भरायची असते, नेमकं तेव्हाच चरबीदार खाणं उथळात चालत येतं. ज्या तळ्यात अशी दुसरी पंगत नाही, तिथे मादीला उन्हाळ्याच्या कमाईवरच थंडी काढावी लागते.


शॅननकाठ | १६ जानेवारी

आयर्लंडमधून. इथे मोठ्या माशांची नोंद ठेवणारी समिती नदीचा पाइक आणि सरोवराचा पाइक वेगळे मोजते. नदीचा वीस पौंडांचा झाला की नमुनेदार म्हणून नोंद होते, सरोवराचा मात्र तीस पौंडांचा हवा. जागेमुळे वजनात किती फरक पडतो याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. नदीत प्रवाहाशी झुंजण्यात शक्ती जाते, आणि सरोवरात मिळतात तसे चरबीदार माशांचे थवेही नसतात.

तरी आमचा नदीचा विक्रम बघा : बॅरो नदी, ४२ पौंड, २२ मार्च १९६४. तारीख वाचलीत? मार्चचा चौथा आठवडा. ती मादी अंडी घालण्याच्या उंबरठ्यावर असणार. महिनाभराने तीच लागली असती तर किती भरली असती, हा विचार दरवेळी मनात येतो.

आज आयर्लंडमध्ये ५० सेंटीमीटरवरचा पाइक मारायला बंदी आहे. मला हा नियम फार प्रिय आहे. मोठ्या माद्या काढून टाकल्या की लहान पाइकना खाणारं कोणी उरत नाही, तळं किडकिड्या पिल्लांनी भरतं आणि पुढची मोठी मादी तयार होईपर्यंत पंधरा वर्षं जातात.


पानशेतचा_पाहुणा | १६ जानेवारी

मग विक्रम ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्येच का दिसतात? ऑक्टोबरात मांस, फेब्रुवारीत गाबोळी, असं म्हणायचं का?


उप्सालाकर | १७ जानेवारी

बरोबर पकडलंत. जगाचा मान्य विक्रमही ऑक्टोबरातलाच आहे : जर्मनी, १६ ऑक्टोबर १९८६, ५५ पौंड १ औंस, म्हणजे पंचवीस किलो. पण एक सावधगिरी. लोक पाइक गरवतातच मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च. ट्राउटच्या धरणांत पाइकसाठी ठरावीक आठवडेच खुले असतात. जून-जुलैत गळच नसतील तर जुलैचा विक्रम होणार कुठून? त्यामुळे नुसत्या विक्रमांच्या तारखांवरून ऋतू ठरवू नये. गळकरी यांच्यासारखी एकाच माशाची दोन वजनं जास्त बोलकी.


शॅननकाठ | १७ जानेवारी

आणि जुलैत गळ नसण्याला कारण आहे, ते इथल्या नव्या लोकांनी नीट वाचावं. गरम पाण्यात प्राणवायू कमी. पाइक दिसायला राकट असला तरी आतून नाजूक. जुलैत झुंजवून, गवतावर ठेवून, फोटो काढून सोडला तर पोहून जाताना ठीक दिसतो आणि संध्याकाळी मरतो. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, दुसऱ्या दिवशी काठाला लागलेली मादी. तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझा रॉड भिंतीला टेकलेला असतो.


डॉ_शेवाळ | १८ जानेवारी

जागेबद्दल अजून एक, कारण ती टिकत नाही हेही लक्षात ठेवायला हवं. नॉरफोकमधल्या थर्न नदीची उथळ तळी, हॉर्सी, हिकलिंग, पाइकसाठी जगप्रसिद्ध होती. फेब्रुवारी १९६७ मध्ये हॉर्सीत चाळीस पौंडांच्या वरचा मासा मिळाला. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, प्रिम्नेशियम नावाच्या सूक्ष्म शैवालाचं विष पाण्यात पसरलं आणि मासे अक्षरशः ढिगांनी मेले. थर्नमध्ये पुन्हा एकेचाळीस पौंडांवरचा पाइक दिसायला १९८५ उजाडलं. जागा तीच, महिने तेच, पण मधली सोळा वर्षं गेली.


पानशेतचा_पाहुणा | १८ जानेवारी

घेर मोजण्याचा नेमका उपयोग काय? नुसती लांबी पुरत नाही का?


गळकरी_ब्रिस्टल | १९ जानेवारी

नाही पुरत. इथे एक जुना लांबीचा तक्ता वापरतात : चाळीस इंचांचा पाइक वीस पौंडांचा, आणि पुढे लांबीच्या घनाच्या प्रमाणात. त्याने माझ्या १११ सेंटीमीटरच्या मादीचं वजन पावणेबारा किलोंच्या आसपास येतं. फेब्रुवारीत ती त्याहून सव्वा किलोने जास्त भरली आणि ऑक्टोबरात तक्त्यापेक्षा किलोभर कमी. तक्त्याला महिना कळत नाही.

घेराचा हिशोब वेगळा : घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं इंचांत, भागिले ८००, की पौंड. यात फेब्रुवारीचे साडेअठ्ठावीस पौंड आले, काट्यावर एकोणतीसला थोडे कमी होते. ऑक्टोबरचे जवळजवळ पंचवीस, काट्यावरही तेवढेच. आणि घेर सगळ्यात फुगीर जागी मोजायचा, म्हणजे गाबोळी कुठे बसली आहे तेही हाताला कळतं.


राजापूरची_माई | १९ जानेवारी

गाबोळीने भरलेल्या मादीला काट्याला टांगता कसं? पोट खाली लोंबत असेल ना. अंडी चिरडत नाहीत का?


गळकरी_ब्रिस्टल | २ मार्च

माई, तुमचा प्रश्न सहा आठवडे मनात होता, म्हणून उत्तर आज देतोय.

आम्ही कल्ल्यात हूक घालून टांगत नाही, ओल्या झोळीत आडवी ठेवून झोळी काट्याला लावतो. तरीही तुम्ही म्हणता ते खरं आहे. झोळी उचलली की सगळा भार पोटावरच येतो.

२१ फेब्रुवारीला पहाटे हिमाचा पातळ थर होता, पाणी पाच अंश. अर्धा बांगडा तळाला टाकून बसलो होतो. साडेनऊला दोर सुटला. जाळ्यात आली तेव्हाच डावी कूस वर होती आणि कल्ल्यामागची ती आडवी रेघ दिसली. तीच. तिसऱ्यांदा.

पाण्यातून बाहेर काढलीच नाही. जाळं पाण्यातच धरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून चिमट्याने गळ काढला. टेप पोटाभोवती फिरवली : ६० सेंटीमीटर. लांबी ११३. काटा पिशवीतच राहिला. दोन हातांनी पोटाखाली आधार दिला तेव्हा तो भार तळहातांना लागला, आणि मग शेपटीचा एक फटका मारून ती लव्हाळ्याकडे गेली, जिथे काठची जमीन पावसाने बुडाली आहे.

वहीत वजनाच्या रकान्यात रेघ मारली आहे. काल, १ मार्चपासून, माझं गरवणं बंद. एप्रिलच्या शेवटी त्या लव्हाळ्यात पिल्लं दिसतात का, ते नुसतं बघायला जाणार आहे. पाणी तोवर टिकलं तर इथे लिहीन.